हिपॅटायटीस सी: विषाणूच्या रचनेचा शोध आणि त्यातून सापडलेला इलाज

रक्तदान शिबिरात रक्त दिले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासले आणि रिपोर्टवर ‘अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह’ असे छापून आले. डायलिसिसला जाणाऱ्या वडिलांना एके दिवशी वेगळ्या मशीनवर घेतले. हिपॅटायटीस सी हे नाव बहुतेक कुटुंबांना असेच अचानक कळते. रुग्णाला तर काहीच त्रास होत नसतो.

मग दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण इतके घाबरतात की रुग्णाचे ताट, पेला आणि अंथरूण वेगळे करतात. काही जण ‘काहीच होत नाही तर औषध कशाला’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. हिपॅटायटीस सी हा दीर्घकाळ शरीरात राहणारा विषाणू आहे, तरीही तो बहुतेक रुग्णांत गोळ्यांनी पूर्णपणे बरा होतो. हे का शक्य झाले, हे समजले की डॉक्टर सांगतात त्या प्रत्येक सूचनेचे कारणही समजते. त्यासाठी हा लेख.

हिपॅटायटीस सी म्हणजे काय?

हिपॅटायटीस म्हणजे यकृताला, म्हणजेच लिव्हरला आलेली सूज. ती ए, बी, सी, डी आणि ई अशा वेगवेगळ्या विषाणूंमुळे येऊ शकते. दूषित पाण्यातून येणारी कावीळ ए आणि ई या विषाणूंची असते. ती साधारणपणे काही आठवड्यांत आपोआप बरी होते. सी विषाणू पाण्यातून येत नाही, तो रक्तातून येतो. शिवाय बहुतेक वेळा तो कावीळ न करताच शरीरात राहतो.

सी विषाणूची लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत औषधाविना निघून जातो. उरलेल्यांत तो वर्षानुवर्षे राहतो. यकृताच्या पेशी हळूहळू मरतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखे कडक तंतू तयार होतात. दीर्घकालीन लागण असलेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांत सिरॉसिस होण्याचा धोका असतो. सिरॉसिस म्हणजे यकृत आक्रसून कडक होणे. त्यातून पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, बेशुद्धी आणि यकृताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग आहे. २०२२ मध्ये त्यामुळे सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले.

तो कसा पसरतो आणि कसा पसरत नाही?

हा विषाणू पुढील मार्गांनी पसरतो:

• एकाची सुई किंवा सिरिंज दुसऱ्याला वापरल्याने. यात नशेची इंजेक्शने आली आणि निष्काळजीपणे दिलेली साधी इंजेक्शने आणि सलाईनही आले.
• तपासणी न केलेले रक्त चढवल्याने. आता रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची सी विषाणूसाठी तपासणी सक्तीची आहे, पण १९९० च्या दशकात किंवा त्याआधी रक्त घेतलेल्यांनी एकदा तपासून घ्यावे.
• डायलिसिसमध्ये स्वच्छतेचे नियम पाळले नाहीत तर.
• जत्रेत एकाच सुईने अनेकांना काढलेल्या गोंदणातून, टॅटूतून, सलूनमध्ये न बदललेल्या ब्लेडमधून.
• बाधित आईकडून जन्माच्या वेळी बाळाला. हे साधारण १०० पैकी ५ ते ६ बाळांत घडते.
• शरीरसंबंधातून, पण हे प्रमाण कमी आहे.

एकत्र जेवल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने किंवा एकच शौचालय वापरल्याने हा विषाणू पसरत नाही. ताट वेगळे करण्याची काहीही गरज नाही. फक्त ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर ज्याचे त्याने वापरावे, कारण त्यांना रक्त लागू शकते.

विषाणूचा शोध कसा लागला?

१९७० च्या दशकात ए आणि बी या विषाणूंच्या तपासण्या उपलब्ध झाल्या. तरीही रक्त घेतलेल्या अनेक रुग्णांना यकृताची सूज येत होती आणि दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येत होत्या. अमेरिकेतील डॉ. हार्वी ऑल्टर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवून दिले. या आजाराला तेव्हा ‘नॉन ए, नॉन बी’ असेच नाव होते. विषाणू सूक्ष्मदर्शकात सापडत नव्हता आणि प्रयोगशाळेत वाढतही नव्हता.

१९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी वेगळाच मार्ग घेतला. बाधित चिंपांझीच्या रक्तातील जनुकीय तुकडे त्यांनी जिवाणूंमध्ये घातले. त्या जिवाणूंनी तयार केलेल्या प्रथिनांवर रुग्णाच्या रक्तातील अँटिबॉडी सोडल्या. सुमारे दहा लाख नमुने तपासल्यावर एकाला अँटिबॉडी चिकटल्या. तो तुकडा नव्या विषाणूचा होता. एखादा विषाणू डोळ्यांनी न पाहता, केवळ त्याच्या जनुकावरून ओळखला गेला होता. रक्तपेढ्यांतील अँटी-एचसीव्ही तपासणी याच कामातून आली.

पुढे १९९७ मध्ये चार्ल्स राइस यांच्या गटाने विषाणूचा पूर्ण जनुकीय धागा प्रयोगशाळेत तयार करून, तो एकटाच हिपॅटायटीस करू शकतो हे सिद्ध केले. ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू यकृतात नेमके काय करतो?

सी विषाणूची सगळी माहिती आरएनए नावाच्या एका धाग्यावर असते. आरएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची माळ समजा. या माळेत सुमारे ९,६०० मणी असतात. विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की पेशी ही माळ स्वतःचाच निरोप समजून वाचते आणि त्यानुसार सुमारे ३,००० दुव्यांचे एक लांबलचक प्रथिन बनवते. ते प्रथिन कापून त्याचे दहा भाग केले जातात. त्यांतले तीन भाग औषधांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत:

१. एनएस३ प्रोटीएज: ही विषाणूची कात्री. लांब प्रथिन योग्य ठिकाणी कापण्याचे बरेचसे काम ती करते.
२. एनएस५बी पॉलिमरेज: हे नकला काढणारे यंत्र. आरएनएच्या नव्या माळा ते ओवते.
३. एनएस५ए: हा भाग काही कापत नाही की ओवत नाही. नकला काढण्याची जागा तयार करणे आणि नवे विषाणू जुळवणे, या दोन्ही कामांना त्याचा आधार लागतो.

बाधित माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्ये इतके नवे विषाणू तयार होतात. रक्तात आलेल्या विषाणूंपैकी निम्मे तीन तासांच्या आत नाहीसे होतात. म्हणजे हा विषाणू टिकून राहतो तो केवळ सतत नव्या नकला काढत राहिल्यामुळे.

हा विषाणू पूर्ण बरा का होतो?

हिपॅटायटीस बी चा विषाणू पेशीच्या केंद्रकात जाऊन आपल्या जनुकाची एक टिकाऊ प्रत तिथे ठेवतो. एचआयव्ही तर आपले जनुक थेट माणसाच्या जनुकातच जोडतो. म्हणून त्या दोन्ही आजारांत औषधे विषाणूला दाबून ठेवतात, पण बहुतेक रुग्णांत ती दीर्घकाळ किंवा आयुष्यभर घ्यावी लागतात.

सी विषाणू केंद्रकात जात नाही. त्याचा सगळा कारभार केंद्रकाबाहेर, पेशीच्या द्रवात चालतो आणि त्याची टिकाऊ प्रत कुठेही साठवलेली नसते. नकला काढणे पूर्ण बंद पाडून ते पुरेसे दिवस बंद ठेवले, तर जुने विषाणू संपतात आणि नवे येत नाहीत. शरीर विषाणूमुक्त होते. म्हणूनच हिपॅटायटीस सी साठी ‘नियंत्रण’ नव्हे तर ‘बरा होणे’ हा शब्द डॉक्टर वापरतात.

औषधे शोधायला इतकी वर्षे का लागली?

औषध तपासायचे तर विषाणू प्रयोगशाळेत वाढला पाहिजे आणि हा विषाणू वाढतच नव्हता. १९९९ मध्ये जर्मनीत फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी विषाणूच्या आरएनएचा केवळ नकला काढणारा भाग घेतला आणि तो यकृताच्या कर्करोगपेशींत वाढवून दाखवला. याला रेप्लिकॉन म्हणतात. तो संसर्ग करू शकत नाही, पण नकला काढत राहतो. त्यामुळे हजारो रसायने त्यावर झपाट्याने तपासता येऊ लागली. २००५ मध्ये जपानच्या एका रुग्णातील विषाणूवरून ताकाजी वाकिता आणि सहकाऱ्यांनी पूर्ण विषाणूही प्रयोगशाळेत वाढवला.

तोपर्यंत उपचार होता इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिनच्या गोळ्या. हा उपचार सहा महिने ते वर्षभर चालायचा. त्यात ताप, अशक्तपणा, रक्त कमी होणे, नैराश्य असे त्रास व्हायचे आणि एवढे सोसूनही सुमारे निम्मेच रुग्ण बरे होत. घरातल्या किंवा ओळखीतल्या कुणी तो उपचार घेतलेला असेल, तर त्या आठवणीवरून आजच्या उपचाराची भीती बाळगू नका. आता इंजेक्शने लागत नाहीत.

आजच्या गोळ्या कशा काम करतात?

या औषधांना थेट विषाणूवर काम करणारी औषधे म्हणतात. नावाच्या शेवटावरून त्यांचे काम ओळखता येते. ‘प्रेविर’ने संपणारी औषधे कात्री अडवतात, ‘बुविर’ने संपणारी नकलेचे यंत्र अडवतात आणि ‘आसविर’ने संपणारी एनएस५ए अडवतात.

सोफोसबुविर: मायकेल सोफिया आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील फार्मासेट या कंपनीत ते शोधले. हे औषध आरएनए माळेतल्या एका मण्यासारखे दिसते. विषाणूचे यंत्र फसते आणि खऱ्या मण्याऐवजी हा नकली मणी ओवते. त्यानंतर पुढचा मणी जोडताच येत नाही आणि माळ तिथेच थांबते. गोळीतले औषध एका रासायनिक आवरणात असते. ते आवरण मुख्यतः यकृताच्या पेशीत निघते, त्यामुळे औषध हवे तिथेच जास्त तयार होते. माणसाच्या पेशींची स्वतःची यंत्रे हा नकली मणी सहसा घेत नाहीत, म्हणून दुष्परिणाम कमी असतात. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली.

डॅक्लाटासविर आणि वेल्पाटासविर: ही दोन्ही औषधे एनएस५ए ला चिकटतात. डॅक्लाटासविर रेप्लिकॉनवरच्या चाचण्यांतून पुढे आले. अत्यंत कमी प्रमाणातही ते विषाणूच्या नकला थांबवते.

दोन औषधे एकत्र का देतात?

विषाणूचे नकलेचे यंत्र चुका तपासत नाही. रोज एवढ्या नकला निघतात, त्यात चुकाही भरपूर होतात. त्यांतल्या एखाद्या चुकीमुळे विषाणूचा एनएस५ए थोडा बदलतो आणि ‘आसविर’ गटातले औषध त्याला नीट चिकटत नाही. असा विषाणू त्या एका औषधातून सुटू शकतो. पण त्याच वेळी तो सोफोसबुविरमधूनही सुटेल अशी शक्यता फारच कमी, कारण नकलेच्या यंत्राचा तो गाभा बदलला तर विषाणूचे स्वतःचेच काम मंदावते.

म्हणून दोन्ही औषधे एकत्र, रोज ठरलेल्या वेळी आणि शेवटच्या दिवसापर्यंत घ्यायची असतात. दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला विषाणू खूप कमी होतो, थकवा कमी वाटतो आणि ‘आता बरे आहे’ म्हणून गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. पण तेव्हा काही पेशींत नकला काढणे चालू असू शकते. मध्येच थांबल्यास औषधाला न जुमानणारे विषाणू पुन्हा वाढतात आणि पुढचा उपचार अवघड होतो. एखाद्या दिवशी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवण झाली, तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

जीनोटाइप आणि पुण्यातील संशोधन

सी विषाणूचे अनेक जनुकीय प्रकार आहेत. त्यांना जीनोटाइप म्हणतात. भारतात जीनोटाइप ३ सर्वांत जास्त आढळतो आणि त्याखालोखाल जीनोटाइप १. या माहितीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा मोठा वाटा आहे. कविता लोले, विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रकार ओळखण्यासाठी विषाणूच्या आरएनएचा कोणता भाग वापरावा, याची तुलना केली होती. आरएनएच्या सुरुवातीचा भाग जवळजवळ सगळ्या प्रकारांत सारखा असतो. म्हणून विषाणू आहे की नाही हे शोधायला तो उत्तम, पण उपप्रकार सांगायला कमी पडतो. त्यासाठी कोअर हा भाग जास्त उपयोगी ठरतो.

रुग्णासाठी याचा अर्थ काय? जीनोटाइप ३ मध्ये यकृताची अवस्था फार महत्त्वाची ठरते. केवळ जीनोटाइप ३ च्या १५२ रुग्णांना १२ आठवडे सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर देऊन एक अभ्यास झाला होता. त्यात सिरॉसिस नसलेले ९६ टक्के रुग्ण बरे झाले, पण सिरॉसिस असलेले ६३ टक्केच. सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर यांच्या दुसऱ्या अभ्यासात जीनोटाइप ३ आणि सिरॉसिस असलेले ९१ टक्के रुग्ण बरे झाले. म्हणून सिरॉसिस आहे की नाही हे ठरवल्याशिवाय गोळ्या सुरू करत नाहीत. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये, ते याच कारणाने.

हजार डॉलरची गोळी मोफत कशी झाली?

अमेरिकेत सुरुवातीला सोफोसबुविरची एक गोळी १,००० डॉलरला होती. १२ आठवड्यांच्या ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियड कंपनीने सात भारतीय कंपन्यांना हे औषध बनवून ९१ देशांत विकण्याचे परवाने दिले. रुग्णांच्या संघटनांनी भारतात पेटंटला विरोधही नोंदवला. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, पण मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. दरम्यान परवान्याखाली भारतीय औषधे बाजारात आली. मार्च २०१५ मध्ये आलेल्या पहिल्या भारतीय औषधाच्या २८ गोळ्यांच्या डबीची किंमत १९,९०० रुपये होती. स्पर्धा वाढली तशी किंमत आणखी उतरली. मार्च २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सोफोसबुविरला गुणवत्तेची मान्यता दिली.

२८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटीस दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. २०३० पर्यंत हिपॅटायटीस सी चे उच्चाटन हे त्याचे उद्दिष्ट आहे. या कार्यक्रमात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. त्याची उपचार केंद्रे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत असतात. पडेगाव, मिटमिटा, भावसिंगपुरा आणि छावणी भागातील रुग्णांनी घाटी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात या कार्यक्रमाचे नाव सांगून चौकशी करावी. शहराच्या पूर्वेकडील लोकांना चिकलठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जवळ पडेल. जाताना आधीचे सर्व रिपोर्ट, आधार कार्ड आणि चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

१. अँटी-एचसीव्ही: विषाणूशी शरीराचा कधीतरी सामना झाला होता का, एवढेच ही तपासणी सांगते. पॉझिटिव्ह आली म्हणजे आज विषाणू आहेच असे नाही.
२. एचसीव्ही आरएनए, म्हणजे पीसीआर: विषाणू आज रक्तात आहे का, हे यावरून कळते. ही पॉझिटिव्ह आली तरच उपचार लागतो.
३. यकृताची अवस्था: लिव्हर फंक्शन, प्लेटलेट आणि सोनोग्राफी. एएसटी आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून डॉक्टर सिरॉसिसचा अंदाज बांधतात. गरज पडल्यास फायब्रोस्कॅन करतात.
४. हिपॅटायटीस बी आणि एचआयव्ही: सी चा विषाणू गेल्यावर आधी दबलेला बी चा विषाणू उसळू शकतो. म्हणून बी ची तपासणी टाळू नका.
५. किडनीची तपासणी, हिमोग्लोबिन, आणि स्त्रियांत गरज असल्यास गर्भधारणेची तपासणी.

उपचार कसा असतो?

कार्यक्रमातील नेहमीची पद्धत अशी आहे:

• सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे.
• सिरॉसिस आहे पण यकृताचे काम अजून चालू आहे, तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, १२ आठवडे.
• पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा बेशुद्धी असे काही झालेले असेल, तर त्यासोबत रिबाविरिन. ते सोसत नसेल तर रिबाविरिनशिवाय २४ आठवडे. हा उपचार मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

डोकेदुखी, थकवा किंवा थोडी मळमळ होऊ शकते. ती सहसा सौम्य असते.

डॉक्टरांना आधीच काय सांगावे?

• टीबीसाठी रिफाम्पिसिन, फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर. ही औषधे गोळ्यांचा परिणाम खूप कमी करतात.
• हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर. सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायकरीत्या मंद होऊ शकतात.
• अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेत असाल तर. वेल्पाटासविर शरीरात शोषले जायला पोटातले आम्ल लागते.
• गर्भधारणा असेल किंवा तसा विचार असेल तर. रिबाविरिनमुळे बाळात दोष येऊ शकतात, म्हणून ते पती किंवा पत्नी कुणीही घेत असले तरी उपचारात आणि नंतर सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते.
• काविळीचा पाला, काढा किंवा गावठी औषध घेत असाल तर. लपवू नका. काही जडीबुटींमुळे यकृताला जास्त इजा होते. आणि काविळीची माळ घातली तरी विषाणूच्या नकला थांबत नाहीत.

बरे झालो हे कधी समजायचे?

गोळ्या संपल्या म्हणजे उपचार संपला असे नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा एचसीव्ही आरएनए तपासतात. नकला खरोखर थांबल्या नसतील तर एवढ्या काळात विषाणू पुन्हा रक्तात दिसतो. तपासणी निगेटिव्ह आली तर तुम्ही बरे झालात. ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण या टप्प्यावर पोहोचतात. बरे वाटते म्हणून ही तपासणी चुकवू नका.

सिरॉसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. विषाणू गेला तरी यकृतातले व्रण लगेच भरत नाहीत आणि कर्करोगाचा धोका कमी झाला तरी पूर्ण संपत नाही. दारू पूर्ण बंद ठेवावी. वजन आणि साखर आटोक्यात ठेवावी.

लस का नाही?

विषाणूचे बाहेरचे आवरण सतत बदलते. शरीर एका रूपाला ओळखेपर्यंत दुसरे रूप तयार झालेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत एका लसीला दीर्घकालीन संसर्ग रोखता आला नाही. त्यामुळे आज बचाव एकच, रक्ताशी संबंधित प्रत्येक गोष्टीत काळजी. सुई नवी आहे, पाकीट तुमच्यासमोर फोडले आहे, हे पाहा. साध्या तापाला ‘एक इंजेक्शन द्याच डॉक्टर’ असा आग्रह धरू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उपचारानंतरही अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह येते. मग औषधाचा उपयोग झाला नाही का?
झाला. अँटिबॉडी अनेक वर्षे किंवा आयुष्यभर राहू शकतात. बरे झालात की नाही हे आरएनए तपासणी ठरवते. तो निगेटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा. नोकरी, विमा किंवा पुढच्या ऑपरेशनच्या वेळी तो दाखवावा लागतो.

पुन्हा लागण होऊ शकते का?
होऊ शकते. अँटिबॉडी पुढच्या लागणीपासून संरक्षण देत नाहीत.

डायलिसिसच्या रुग्णाला या गोळ्या चालतात का?
हो, चालतात, पण किडनीच्या आणि यकृताच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावे.

आई बाळाला अंगावर पाजू शकते का?
हो. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत असेल तर तेवढे दिवस थांबावे.

घरातल्या इतरांनी तपासणी करावी का?
पती किंवा पत्नीने आणि बाधित आईच्या मुलांनी एकदा करावी.

ताबडतोब रुग्णालयात कधी जावे?

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट अचानक फुगणे, डोळे पिवळे होणे, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा जास्त गुंगी यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. तातडीने रुग्णालय गाठा.

थोडक्यात

• अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली की घाबरू नका, पण आरएनए तपासणी केल्याशिवाय राहूही नका.
• विषाणू पेशीच्या केंद्रकात लपत नाही, म्हणून तो पूर्ण जाऊ शकतो.
• दोन औषधे, एकही दिवस न चुकवता, पूर्ण मुदत.
• शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए.
• शासकीय केंद्रात उपचार मोफत आहे.

हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.